बाथरूमच्या टाईल्सखाली काय असतं?

खालच्या मजल्यावरचे काका छताला ओल आली म्हणून वर येतात, तेव्हा आपण टाईल्सना दोष देतो. पण पाणी अडवणं टाईलचं काम नाहीच. सांध्यांतून ते थोडंफार झिरपतंच. अडवायचं असतं खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराने.

मग उतार कुठे द्यायचा? बरेच मिस्त्री सपाट थरावर टाईल बसवतानाच उतार काढतात. वरचं पाणी जातं, झिरपलेलं मात्र खाली साचून राहतं! म्हणून आधी सिमेंट-वाळूचा उतार, मीटरला साधारण २ सेंटीमीटर, जाळीकडे. त्यावर वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांत कापडी पट्टी घालून भिंतीवर चढवलेलं आणि जाळीच्या तोंडात नीट उतरवलेलं. टाईल शेवटी.

हल्ली उतार कापून आलेले फोमचे वॉटरप्रूफ ट्रेही मिळतात. चिकटवा, सांधे बंद करा, वर टाईल बसवा. सोपं आहे, फक्त खालचा पाया लेव्हलमध्ये हवा आणि पाइप ट्रेच्या छिद्राखालीच यायला हवा.

टाईल बसवण्याआधी जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा. पातळीला पेन्सिलची खूण करा, आणि दुसऱ्या दिवशी काकांचं छतही बघून या.