संगणकाचे दार

घराला दार असते, दाराला कुलूप असते. संगणकाचेही तसेच आहे. बँकेतले पैसे पाहायचे असोत की रेल्वेचे तिकीट काढायचे असो, आधी दार उघडावे लागते. या दाराला लॉगिन म्हणतात. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी येतात. एकीत आपले नाव घालायचे, दुसरीत आपला गुप्त शब्द. हा गुप्त शब्द म्हणजे पासवर्ड. तीच किल्ली.

आता ज्याला दिसत नाही, त्याने काय करायचं?

मुंबईत दादरला कमला मेहता अंधशाळा आहे. ती १९०० साली निघाली. तिथल्या मुली बोटांनी चाचपून ब्रेल लिपी वाचतात. पण पडद्याची काच पडली सपाट! तिच्यावर बोट फिरवून काय कळणार?

यावर तोड निघाली. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम तयार झाला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली असा एक प्रोग्राम करायला घेतला. पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्या प्रोग्रामचे नाव एनव्हीडीए. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली अंधांसाठी केंद्र सुरू झाले. तिथे अशी साधने वापरायला शिकवतात.

पण नुसता प्रोग्राम असून भागत नाही. दार करणाऱ्यानेही नीट करायला हवे. चौकटीला आतून नाव जोडलेले नसेल, तर प्रोग्राम एवढेच म्हणतो, ‘इथे लिहा.’ काय लिहा? नाव की किल्ली?

दुसरी अडचण याहून मोठी. काही दारांवर वेडीवाकडी अक्षरे दाखवतात आणि ओळखायला सांगतात. याला कॅपचा म्हणतात. समोर माणूस आहे की यंत्र, हे त्यावरून ठरवायचे. यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणून तर ती अक्षरे वाकडी काढतात. मग अंधाला वाचून दाखवणारा प्रोग्राम, तोही यंत्रच की! तो गप्प बसतो. शेजारी ऐकण्याचे बटण ठेवले, तर अंधाचे काम होते. पण ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, तो बाहेरच राहतो. म्हणून एकापेक्षा जास्त वाटा ठेवाव्या लागतात. हात कापणाऱ्याला आकडे घालायला वेळही जास्त लागतो, तोही द्यायला हवा.

काही ठिकाणी तर फोनपुढे डोळे मिचकावून दाखवायला सांगत. ॲसिडने ज्यांचे डोळे गेले त्यांनी ते कसे मिचकवायचे? प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला. असे दार सर्वांना उघडता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारला आणि बँकांना वीस सूचना दिल्या. डोळे मिचकावण्याखेरीज दुसरी रीत ठेवा, ही त्यातलीच एक.

तुमच्या घरी कुणाला दिसत नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक आहे का ते पाहा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत असते. ते चालू केले, की बोट लावाल त्याचे नाव फोन बोलतो. लागोपाठ दोनदा टिचकी मारली, की ते उघडते. पासवर्ड घालताना मात्र कानाला इअरफोन लावा, बरं का. नाहीतर किल्ली शेजाऱ्यालाही ऐकू जायची.