म्हातारचळ नव्हे, मेंदूतला गाळ

जेवण होऊन तास झालेला नसतो आणि आजी शेजारणीला सांगते, "सुनेनं सकाळपासून घासभर दिलं नाही." सून रडते, मुलगा चिडतो, वस्तीत चर्चा सुरू होते. कुणी भगताचा पत्ताही देतो. अशी घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हा विषय घेतला. आजी खोटे बोलत नसते. जेवल्याची नोंदच तिच्या मेंदूत झालेली नसते.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिची विचारपूस करून बारकाईने टिपणे ठेवली. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर गोळे साचलेले, आत धाग्यांचा गुंता. त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. जमलेल्या डॉक्टरांना मात्र त्यात विशेष काही वाटले नाही!

हे गोळे, म्हणजे प्लाक, प्रथिनाचे असतात. (डाळ-अंड्यांतल्या प्रथिनाशी याचा संबंध नाही, ती खाणे कुणी सोडू नये.) मेंदूच्या पेशींच्या आवरणात एक लांब प्रथिन असते. विकरे त्याचे तुकडे करतात. त्यातला बीटा-अमायलॉइड हा तुकडा चिकट. एरवी त्याचा निचरा होतो. निचरा तुंबला की तुकड्याला तुकडा चिकटतो, नालीत गाळ धरावा तसा. पुढे पेशींच्या आतले टाऊ नावाचे प्रथिनही गुंतते आणि पेशी मरू लागतात. विसरभोळेपणा दिसण्याआधी १५-२० वर्षे हा गाळ साचत असतो.

पण काही वृद्धांच्या मेंदूत प्लाक भरपूर सापडतात, तरी त्यांची स्मृती शाबूत असते. म्हणजे सारा दोष एकट्या गाळाचा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध गाळ बराच साफ करते. तरी १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण फक्त २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेली स्मृती परत येत नाही, शिवाय मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका आहेच. एवढ्या महागड्या औषधासाठी कुणी घर गहाण टाकावे, असे आम्हाला वाटत नाही.

त्यापेक्षा आधी एक करावे. प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी यांनीही माणूस विसरतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा त्यात आहेत, आणि कमी शिक्षणही. शिकलेल्या मेंदूतही गाळ साचतो, पण तो जास्त काळ तग धरतो. ज्या आयांच्या हाती पाटीऐवजी खुरपे आले, त्यांची शाळा आता परत आणता येणार नाही. रक्तदाबाची गोळी चुकू न देणे आणि ऐकू येत नसेल तर कान तपासून घेणे, हे मात्र या आठवड्यातही होऊ शकते.