बिडाचा तवा : पैसा वसूल, की नुसताच भार?

गळीत हंगाम सुरू झाला, उसाचा पहिला हप्ता खात्यावर पडला, की घराघरांत एक यादी निघते. खताची उधारी, मुलांची फी, मोटारीची दुरुस्ती. या यादीच्या अगदी तळाशी स्वयंपाकघरातली एखादी वस्तू असते. अलीकडे तिथं बिडाचा तवा नाही तर बिडाची कढई दिसू लागली आहे. पुण्याला शिकणारी लेक मोबाइलवर चित्र दाखवते आणि म्हणते, "आई, तो नॉनस्टिक फेकून दे, हे घे." चित्राखालची किंमत पाहून घरातला कर्ता माणूस हातातला चहा खाली ठेवतो. एवढ्या पैशाचं ते भांडं खरंच तेवढं कामाचं आहे का, याचा विचार सभासद बंधू-भगिनींपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं, की झालं भांडं. या लोखंडात कर्ब शेकडा तीनच्या आसपास असतो. त्यामुळे ते टणक असतं, पण ठिसूळही असतं. आपल्याला हा धातू परका नाही. कारखान्याच्या गिरणीत ऊस दाबणाऱ्या रोलरांचं वरचं कवच बिडाचंच असतं, कारण त्याच्या खरबरीत अंगाची उसावर पकड बसते. जुन्या ऑइल इंजिनाचं जड चाकही बिडाचंच.

त्या चाकावरूनच या तव्याचा गुण समजून घेता येतो. इंजिनाचं चाक फिरायला लागेपर्यंत दमवतं, पण एकदा वेगात आलं की सहजी थांबत नाही. बिडाचा तवाही तसाच. तापायला वेळ लावतो, पण तापल्यावर गार पीठ टाकलं तरी त्याची आच उतरत नाही. ॲल्युमिनियमचं भांडं पटकन तापतं आणि पटकन निवतं. म्हणूनच धपाटे, थालीपीठ, धिरडं, डोसा, वांग्याचे काप हे पदार्थ बिडावर खरपूस होतात. एकामागून एक वीस धपाटे लावले, तरी विसावा पहिल्यासारखाच उतरतो.

भाकरीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथं आमचाच अनुभव सांगायला हवा. काही वर्षांमागे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आम्ही बिडाचा एक तवा घेतला. लोहा तालुक्यात जाऊन लोखंडच घेतलं, म्हणून वाटभर फुशारकीही मारली. घरी सकाळी तो तवा मोठ्या जाळावर चांगला तापला. भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं, तेवढ्यात वाटीच लवंडली आणि गार पाणी तव्यावर सांडलं. 'टण्ण' असा आवाज झाला आणि कडेपासून मध्यापर्यंत चीर गेली. दुकानदाराचा यात काडीचाही दोष नव्हता. आमच्या आईनं चुलीमागचा पत्र्याचा जुना तवा काढला आणि एवढंच म्हणाली, "भाकरीचा तवा हा असतो, बाबा." पत्र्याचा तवा लवकर तापतो, हलका असतो, थोडा खोलगट असतो आणि पाण्याला घाबरत नाही. ज्वारीच्या भाकरीला त्याहून महाग काही घेण्याचं कारण नाही.

आता किमतीकडे येऊ. पत्र्याचा साधा तवा काही शेकड्यांत मिळतो. देशी बिडाचा तवा साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात जातो. परदेशी नावाचं, वर रंगीत मुलामा दिलेलं बिडाचं मोठं पातेलं वीस हजारांवर जातं. फ्रान्सचा 'ल क्रूझे' हा कारखाना १९२५ पासून अशी भांडी करतो. टनाला हातात अडीच हजार पडतात असं धरलं, तर ते एक पातेलं म्हणजे आठ टन ऊस झाला. हा हिशेब चुलीजवळ बसून करावा.

एवढे जादा पैसे कशाचे, तेही पाहू. एक, तव्याचा पृष्ठभाग यंत्रावर घासून गुळगुळीत केलेला असतो. दोन, तेल पाजून तवा आधीच तयार करून दिलेला असतो. तीन, मुलामा असेल तर गंजत नाही आणि आंबट पदार्थ चालतो. चार, नाव. यातलं तिसरं काम घरी होत नाही. पहिलं आणि दुसरं मात्र वापराने आपोआप होतं, आणि चौथं खाता येत नाही. आतलं लोखंड दोन्हीकडे सारखंच तापतं.

मग बीड घेऊच नये का? तसंही नाही. नवी वस्तू आली की शंका घेणं आपल्याकडे जुनंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली पहिला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. नांगराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. पुढं त्याच नांगरानं शेती बदलली. तव्याचा हिशेबही शंकेवर सोडू नये, वर्षांवर करावा. नॉनस्टिकचा थर रोजच्या वापरात दोन-चार वर्षांत निघायला लागतो, आणि मग तवा टाकावा लागतो. हजार-दीड हजारांचा बिडाचा तवा आपटला नाही, तर सुनेच्या सुनेलाही पुरतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं. इथिओपियात लहान मुलांवर वर्षभर केलेली चाचणी १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्या मुलांपेक्षा लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्यांचं रक्त जास्त वाढलं होतं. पण हा गुण साध्या लोखंडी कढईतही आहे, त्याला महागडं नाव लागत नाही. उलट मुलाम्याच्या भांड्यातून लोह उतरतच नाही. आणि कढई म्हणजे औषध नव्हे. आरोग्य केंद्रातून दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच.

आंबट पदार्थानं लोह जास्त उतरतं, पण भाजी काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते. म्हणून येळवशीची भज्जी, आंबट वरण, अंबाडीची भाजी उघड्या बिडात करून तशीच ठेवू नये. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

घ्यायचंच असेल, तर लातूरच्या गंजगोलाईत घ्या, नांदेडच्या वजिराबादेत घ्या, नाहीतर यात्रेत घ्या. पण पारखून घ्या. बोटाच्या पेरानं वाजवून पाहावं. चांगलं बीड घणघणतं, चीर असेल तर बद्द वाजतं. मडकं घेताना आपण हेच करतो. चुंबक लावून बघावं, म्हणजे काळा रंग दिलेलं ॲल्युमिनियम लगेच उघडं पडतं. आतल्या बाजूला छिद्रं नसावीत. तळ सपाट असावा.

घरी आणल्यावर धुवून, पुसून, मंद आचेवर कोरडा करावा. करडईचं किंवा जवसाचं तेल अगदी पातळ हात फिरवल्याइतकं लावून धूर येईस्तोवर तापवावा आणि आपोआप निवू द्यावा. असं चार-पाच वेळा करावं. ही तेलं तापून कडक होतात आणि काळा, तुकतुकीत थर धरतात. महागडा तवा 'तयार' मिळतो तो याच थरामुळे. रोजच्या कामानंतर मात्र तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, तो पाण्यात भिजत ठेवू नये आणि ओला ठेवू नये.

शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हा तवा अडीच-तीन किलोचा असतो, आणि रोज तो उचलणार घरातली बाई. यात्रेत एका मावशींनी असाच एक तवा हातात तोलला आणि लगेच खाली ठेवला. "भाकरी करायच्या, का तालीम करायची?" असं म्हणून त्या पुढं गेल्या. आम्हाला तो सवाल पटला. पैसे कोणीही मोजो, तवा आधी तिच्या हातात द्यावा. तिनं एका हातानं उचलून हं म्हटलं, तर देशी बिडाचा एक तवा जरूर घ्यावा. नाही म्हटलं, तर पत्र्याचा तवा आणि साधी लोखंडी कढई एवढ्यावर संसार उत्तम चालतो. आठ टन उसाचं पातेलं मात्र चित्रातच राहू द्यावं.