टांकें आणि टँक

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलांकडून शब्दांचे अर्थ पाठ करवून घेण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. एका बाजूस इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी. वही भरली कीं पालकांस समाधान वाटतें. परंतु अशा वहीचा आधार ऐन वेळीं कसा सुटतो, तें आम्ही अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील एकाच शब्दावरून दाखवूं इच्छितों.

कोशांत 'टँक' म्हणजे पाण्याचें टांकें असा अर्थ सांपडतो. अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगड किंवा रतनगड पाहिलेल्या मुलास खडकांत खोदलेलीं टांकीं ठाऊक असतात. त्याला हा अर्थ तत्काळ पटतो. तोच मुलगा नगर शहरांतील टँक म्युझियम पाहावयास गेला, तर तेथें टांक्याचा मागमूसही नाहीं! 1994 सालीं सुरू झालेल्या या संग्रहालयांत उभे आहेत ते पोलादी रणगाडे. 1965 च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही त्यांत आहे. मग कोश खोटा कीं संग्रहालय?

दोन्ही खरीं. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें हें नवें यंत्र गुप्तपणें तयार होत होतें. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून, हीं पाणी सांठविण्याचीं पात्रें आहेत अशी बतावणी करून, 1915 च्या अखेरीस त्यास 'टँक' हें नांव दिलें गेलें. 15 सप्टेंबर 1916 रोजीं फ्रान्समधील सोमच्या लढाईंत तें प्रथम रणांत उतरलें. सोंग उघडें पडलें, नांव मात्र चिकटलें. शिवाय या इंग्रजी शब्दाचें नातें भाषापंडित आपल्या गुजराथी-मराठी 'टांकें' शब्दाशींच जोडतात. पोर्तुगीज भाषेचाही त्यांत हात असावा असें ते म्हणतात. म्हणजे आपलें टांकें विलायतेस गेलें आणि पोलादाचें चिलखत चढवून नगरास परत आलें!

म्हणून आमची सूचना अशी, कीं मुलांना सुटा शब्द देऊं नये, वाक्य द्यावें. 'फिल द टँक' म्हटलें कीं टांकी, 'द टँक फायर्ड' म्हटलें कीं रणगाडा. सोबतचें क्रियापदच अर्थ सांगतें. 'बँक' हा शब्द पैशाबरोबर आला तर पेढी, सीना नदीबरोबर आला तर कांठ. वहींत प्रत्येक अर्थापुढें एक घरगुती वाक्य मुलाकडूनच लिहवून घ्यावें. शब्द थोडे होतील खरे; परंतु न वाचलेला उतारा पुढें आला, तरी मूल अडणार नाहीं.