वाघ दिसला नाही तरी चालेल अशी सहल

दिवाळीला पुणे, बंगळूरु, इंदूरहून घरी बऱ्हाणपूरला आलेल्या मंडळींपुढे भाऊबीज झाली की एक प्रश्न हमखास येतो. परतीला अजून पाच-सहा दिवस आहेत, मधे एक शनिवार-रविवार आहे, मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, तर जायचं कुठे? असीरगड, शाही किल्ला आणि कुंडी भंडारा शाळेच्या सहलींपासून पाठ आहेत. कुणीतरी कान्हाचं नाव काढतं. मग नकाशा उघडतो, एक दिवस जाण्यात आणि एक दिवस येण्यात असा हिशोब लागतो, आणि विषय चिवड्याच्या ताटलीबरोबरच संपतो.

खरं तर एक राष्ट्रीय उद्यान असं आहे, की सकाळी बऱ्हाणपुरातून निघालं तर दुपारचं जेवण तिथे घेता येतं. फक्त मधे राज्याची सीमा लागते आणि जिल्हा अमरावती होतो, म्हणून ते आपल्या डोक्यातच येत नाही. ते म्हणजे मेळघाटातलं गुगामल राष्ट्रीय उद्यान.

मेळघाट सगळ्यांनी ऐकलेलं असतं, गुगामल फारसं कुणी नाही. देशात १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. आज या व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटर आणि भोवतालचं बफर क्षेत्र सुमारे १२६८ चौरस किलोमीटर आहे. गाभ्यातला ३६१ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, तो गुगामल. महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय उद्यानांत ते आकाराने पहिलं. पण कान्हाच्या ९४० चौरस किलोमीटरपुढे निम्म्याहूनही लहान. दोन दिवसांच्या सहलीला एवढं पुष्कळ झालं.

आपल्या नदीचं माहेर

जवळ आहे एवढ्यासाठीच तिथे जा, असं मी म्हणणार नाही. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या मेळघाटातल्या पाच नद्या शेवटी ताप्तीला मिळतात. ताप्ती तिथून पश्चिमेला वाहत बऱ्हाणपूरला येते. म्हणजे राजघाटावर दगडी हत्तीच्या पायाशी जे पाणी आपण पाहतो, त्यातलं काही मेळघाटच्या सागवानाखालून आलेलं असतं.

यात जंगलाचं काम काय? उतारावर झाडं आणि पाचोळा असला की पावसाचं पाणी धावत सुटत नाही. ते जमिनीत मुरतं आणि हळूहळू नाल्यांत पाझरत राहतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पडलेल्या पावसाचा काही हिस्सा कार्तिकातही सिपनेत वाहताना दिसतो. तोच उतार उघडा पडला, तर ते पाणी मातीसकट चार दिवसांत पुरात निघून जातं आणि पुढे नदी आटते. नळाचं पाणी कुठून येतं हे आपण मुलांना सांगतो. नदीचं पाणी कुठून येतं हे दाखवायला याहून सोयीची जागा आपल्याला नाही.

शरदात काय दिसतं, काय नाही

पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फाटकं उघडतात. कोजागरीच्या सुमारास दुपारी अजून ऑक्टोबरचं ऊन चटके देतं. दिवाळीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे दिवस मला जास्त बरे वाटतात. नाले वाहते असतात, धूळ उडत नाही आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं.

पण याच दिवसांत वाघ दिसण्याची शक्यता कमी असते, आणि हे मुलांना निघण्याआधीच सांगावं. गवत माणसाच्या उंचीचं असतं. सागाची पानं गळालेली नसतात. जागोजागी पाणी असल्यामुळे जनावरांना ठरावीक पाणवठ्यावर यावं लागत नाही. त्यात मेळघाट म्हणजे डोंगर-दऱ्यांचं जंगल. सपाट कुरणावर दूरवर नजर जाते तसं इथे होत नाही. वाघासाठीच जायचं असेल तर एप्रिल-मे गाठावा आणि ऊन सोसावं.

आमच्या कामात म्हणतात, की जे आपल्या हातात नाही त्यावर प्लॅन उभा करू नये. सहलीलाही तेच लागू आहे. म्हणून शरदात ज्यांची बरीचशी खात्री आहे अशा गोष्टींची यादी करा. वाहती सिपना. वाटेवर आडवी जाळी विणून बसलेले मोठाले कोळी. फुलपाखरं. अळ्यांनी खाऊन जाळीदार झालेली सागाची पानं, जी उन्हात धरली की मुलं पाहत राहतात. सांबर, भेकर, कळपाने चरणारे रानगवे यांपैकी काहीतरी बहुधा दिसतंच. अस्वल, रानकुत्रे आणि वाघ हा बोनस समजा.

आणि एक पाहुणा खास आपल्या भागातला. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणा अभ्यासकाला सापडलं नव्हतं. ते संपलं असंच बहुतेकांनी धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसलं. मधे ११३ वर्षं गेली होती. पुढच्या शोधात ते मेळघाटात सापडलं आणि आपल्या जिल्ह्यातल्या खकनारच्या जंगलातही. हे घुबड दिवसाउजेडी वावरतं. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेलं असतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं दिसतं. आता विचार करा, जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारा पक्षी आपल्या जाण्याच्या वाटेवर आहे. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू मात्र नका. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो उगाच दमतो.

दोन दिवसांचं वेळापत्रक

रस्ता असा: बऱ्हाणपूर, खकनार, देडतलाई, मग सीमा ओलांडून धारणी, हरिसाल आणि सेमाडोह. अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे, पण धारणीच्या पुढे वळणं सुरू होतात, म्हणून चार तास धरा आणि वर एक तास मोकळा ठेवा. पेट्रोल बऱ्हाणपुरातच भरा. नकाशा आदल्या रात्री मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण जंगलात नेटवर्कचा भरवसा नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालात तर अकराच्या आत सेमाडोहला पोहोचाल. जेवण, थोडा आराम, मग दुपारची सफारी. रात्रीचा मुक्काम सेमाडोहच्या पर्यटन संकुलात किंवा सिपनेकाठी कोलकासला. दोन्ही ठिकाणी खोल्या मोजक्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मागणी फार. त्यामुळे मुक्काम आणि सफारी दोन्हीचं आरक्षण दसऱ्यालाच उरकावं. मॅजिकल मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाचं अधिकृत संकेतस्थळ आहे. ज्या फाटकाने जायचं त्याचा साप्ताहिक सुट्टीचा वार तिथेच पाहून घ्या. ज्यांच्या नावाने आरक्षण, त्यांची मूळ ओळखपत्रं बरोबर हवीत, आजी-आजोबांचीसुद्धा.

आजी-आजोबांवरून आठवलं. उघड्या जिप्सीत तीन तास हादरे बसतात. कंबर किंवा मान दुखत असेल तर त्यांना सफारीला ओढू नका. कोलकासला नदीकाठी खुर्ची टाकून बसणं हीसुद्धा सहलच आहे, आणि तिथे वन विभागाचे हत्तीही आहेत.

रविवारी सकाळी दोन पर्याय. मुलं लहान असतील तर वाटाड्यासोबत पायी निसर्गवाट करा. मोठी असतील तर चिखलदऱ्याला चढा. भीमाने कीचकाला मारून जिथे फेकलं तो कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी तिथली कथा. उंची सुमारे ११०० मीटर, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच. जवळच गाविलगड आहे. १८०३ च्या शरदात इंग्रजांच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये आपलं बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला, नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. असीरगड पाहिलेल्या मुलांना त्या मोहिमेचं दुसरं टोक इथे दाखवता येतं. परतीला मात्र दुपारी एकच्या पुढे थांबू नका. या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात रस्ता माणसांपेक्षा जनावरांचा असतो.

सामानात तीन गोष्टी विसरू नका: पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे, पहाटेसाठी स्वेटर-कानटोपी आणि डासांचं मलम. खायला दशम्या, तिळाची चटणी आणि आपला दराबा, पण स्टीलच्या डब्यात. मावा जलेबी परत आल्यावर खा. जिप्सीत पाक सांडला की सगळी सहल चिकट होते.

त्या शांततेची किंमत

प्लॅस्टिक नको, हॉर्न नको, मोठ्याने गाणी नकोत, हे नियम फाटकावर लिहिलेले असतातच. मुलांनी ते पाळावेत असं वाटत असेल तर त्यामागचं कारणही त्यांना सांगायला हवं.

मेळघाट हे कोरकू लोकांचं घर. कोरकू या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ माणसं असाच आहे. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. तिचं नातं दूर झारखंडातल्या संथाळी आणि मुंडारीशी. आपल्या खकनार, देडतलाईकडेही कोरकू वस्ती आहे, म्हणजे हे शेजारी आपल्याला अनोळखी नाहीत. गाभा क्षेत्र मोकळं राहावं म्हणून तिथली गावं बाहेर हलवण्यात आली. बोरी, कोहा आणि कुंड ही त्यांतली सुरुवातीची. त्यांच्या शेतांच्या जागी आता गवताची कुरणं आहेत आणि तिथे हरणं, गवे चरतात. जंगलाला याचा फायदा झाला. पण नव्या जागी जमीन आणि सोयी नीट मिळाल्या नाहीत, अशी काही कुटुंबांची तक्रार राहिली. काही जण रागाने जुन्या गावी परतले, संघर्षही झाला.

हे जंगल शांत राहावं म्हणून कुणीतरी आपलं घर सोडलं आहे. आपण तिथे दोन दिवसांसाठी जातो. अशा ठिकाणी वेफर्सचं पाकीट खिडकीतून टाकणं किंवा वाघ दाखवला नाही म्हणून वाटाड्यावर डाफरणं शोभत नाही. हे वाटाडे आणि जिप्सीचालक बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. त्यांना अहो-जाहो करा, झाडांची कोरकू नावं विचारा, मुलांना ती वहीत लिहायला लावा. जेवण आणि चहा स्थानिक माणसाकडे घ्या. जंगल टिकलं तर आपलीही चार पैशांची कमाई टिकते, हे तिथल्या तरुणांना अनुभवाला आलं तर ते जंगल जास्त काळ राहील. आणि ते राहिलं तर ताप्तीला पाणी राहील.

या दिवाळीला येणार असाल तर घरच्या ग्रुपवर आजच तीन गोष्टी ठरवून टाका: कोणता शनिवार, किती माणसं, आणि आरक्षण कोण करणार. बाकीचं फराळ करता करता ठरेल.