नातवाशेजारी बसून पाहिलेला चित्रपट

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत आहे. माझ्या लहानपणी त्यानंतरचा वेळ ओसरीवर आजीच्या गोष्टी ऐकण्यात जाई. रीत आजही तीच आहे. मात्र जेवण आणि झोप यांच्यामधले दोन-अडीच तास आता टीव्ही आणि मोबाइल यांच्या वाट्याला गेले आहेत. माझा नातू नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. या दोन-अडीच तासांत तो काय पाहतो, याची चौकशी मी निवृत्तीनंतर प्रथमच केली. पस्तीस वर्षे बँकेत इतरांची खाती तपासणाऱ्या माणसाने घरातले हे खाते कधी उघडूनच पाहिले नव्हते, ही कबुली आधी देतो आणि मग पुढचे लिहितो.

मी समीक्षक नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि हयात गेली आकडेमोडीत. त्यामुळे येथे मांडलेली मते एका सामान्य प्रेक्षकाची आहेत, असे समजूनच वाचकांनी ती वाचावीत.

आयुष्यात पाहिलेला पहिला चित्रपट म्हणून मला ‘श्यामची आई’ आठवतो. आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते. आमच्या शाळेने सर्व मुलांना रांगेने नेऊन तो दाखवला. अंधारात आमचे कडक शिस्तीचे गुरुजीही डोळे पुसत होते, हे मी पाहिले आणि त्यांच्याविषयीची माझी भीती त्या दिवसापासून निम्मी झाली. चित्रपटातील पुष्कळसे प्रसंग आज पुसट झाले आहेत. गुरुजींचा तो रुमाल मात्र स्पष्ट आठवतो. मूल पडद्याकडे पाहते, तसे शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाकडेही पाहते, हे त्या वेळी अर्थातच मला कळले नव्हते.

पुढे घरात दूरदर्शन आले. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली ‘मालगुडी डेज’ आम्ही सर्वांनी एकत्र पाहिली. आर. के. नारायण यांच्या कथा आणि त्यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे असा दुर्मीळ योग तिच्यात जुळून आला होता. तिच्यातला स्वामी कोणताही पराक्रम करीत नाही. तो शाळेला घाबरतो, खोटे बोलतो, पस्तावतो. एवढ्याशा ऐवजावर मालिका उभी राहिली आणि ती मुलांना कंटाळवाणी वाटली नाही. १९९३ मध्ये रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ सुरू झाली. तयार झाली होती जपानमध्ये, परंतु गुलजार यांच्या शीर्षकगीतामुळे ती इथल्या मुलांना आपलीच वाटली. माझा मुलगा त्या वेळी सात वर्षांचा होता. मी दुष्काळी तालुक्यातल्या एका शाखेत नेमणुकीवर होतो. शनिवारी रात्री घरी येत असे आणि रविवारी उशिरापर्यंत झोपत असे. मोगलीची गोष्ट मुलगा एकटाच पाहत होता. त्याला त्यात काय आवडले, हे मी त्याला कधीही विचारले नाही.

आता नातवाकडे वळतो. त्याच्या आवडीच्या कार्यक्रमांत ‘छोटा भीम’ आणि ‘टॉम अँड जेरी’ अग्रभागी आहेत. मी त्याच्याबरोबर दोन्ही नेमाने पाहिले. ‘छोटा भीम’ २००८ पासून चालू आहे आणि त्यातले ढोलकपूर, लाडू, राजा, कुस्ती हे सारे आपल्या मातीतले आहे, याचे समाधान वाटते. खटकते ते इतकेच की बहुतेक पेचांची सोडवणूक अखेर ताकदीने होते. भीमाने लाडू खाल्ला की विचार करण्याची गरज उरत नाही. ‘टॉम अँड जेरी’ तर १९४० पासून जगाला हसवत आहे आणि मीही खोटे कशाला बोलू, नातवापेक्षा मोठ्याने हसतो. मांजराच्या डोक्यावर इस्त्री पडते, ते पापडासारखे चपटे होते आणि पुढच्याच दृश्यात पूर्ववत धावू लागते. त्यात गंमत आहे. परंतु रोज दोन तास, वर्षानुवर्षे, मूल केवळ असेच आघात पाहत राहिले, तर आघात झाल्यावर दुखते ही गोष्ट त्याला कोण शिकवणार?

हा विचार मनात घोळत असताना एका रविवारी मी नातवाला ‘टिंग्या’ दाखवायचे ठरवले. मंगेश हाडवळे यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट २००८ साली प्रदर्शित झाला. टिंग्याची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गोष्ट साधी आहे. बटाट्याचे पीक घेणारे कर्जबाजारी कुटुंब. त्यांचा चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. पेरणी तोंडावर आली आहे. चितंग्याला कसायाला विकल्याशिवाय दुसरा बैल घेता येणार नाही, हे बापाला दिसते. आणि चितंग्याबरोबर वाढलेल्या टिंग्याला ते मान्य होत नाही. शेजारच्या रशिदाची आजी आजारी आहे. म्हाताऱ्या आजीवर उपचार होतात, मग बैलावर का नाहीत, असा टिंग्याचा रोकडा सवाल आहे. मोठ्यांपैकी कोणापाशीही त्याचे उत्तर नाही. शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मुलानातवंडांसह पाहावा.

सूनबाईंचा प्रथम विरोध होता. “बाबा, एवढ्याशा मुलाला मुद्दाम रडवायचं कशाला?” असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे गैर नव्हते, म्हणून मी त्यांनाही सोबत बसण्याची विनंती केली. पहिली दहा-पंधरा मिनिटे नातू चुळबुळ करीत होता. इतक्या संथ चित्रणाची त्याच्या डोळ्यांना सवय नव्हती. बैल जायबंदी झाल्यावर तो स्थिर झाला. काही वेळाने त्याने विचारले, “आजोबा, हा अजून उठत का नाही?”

त्याच्या आजवरच्या अनुभवाप्रमाणे एव्हाना बैलाने उठायला हवे होते. मी म्हणालो, “खऱ्या जनावराचा पाय असा लगेच बरा होत नाही, बाळा.”

नंतर त्याने सुचवले, “मग त्याला आपल्या पांजरपोळात आणायचं ना! तिथे म्हातारे बैल ठेवतात.” सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. जीवदयेचा पाठ त्याला आम्ही अनेकदा शिकवला होता. त्याचा उपयोग तो पहिल्यांदाच आपल्या मनाने करीत होता. मी त्याला सांगितले की पांजरपोळात बैलाची सोय होईल, पण बापाची अडचण त्याने सुटणार नाही. त्याला पेरणीसाठी दुसरा बैल घ्यायचा आहे आणि त्याच्याजवळ पैसे नाहीत.

यावर क्षणभर विचार करून तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही तर बँकेत होता! मग तुम्ही का नाही दिले त्याला पैसे?”

घरातले सगळे हसले. मला हसू आले नाही.

तो मोगलीचा काळ होता. माझ्या शाखेत एक शेतकरी एका बैलासाठी कर्ज मागायला आला होता. त्याच्या जोडीतला एक बैल मेला होता. लागोपाठ दोन हंगाम पावसाने दगा दिल्यामुळे आधीचे पीककर्ज थकलेले होते. थकबाकीदाराला नवे कर्ज देता येत नाही, हा नियम मी त्याला समजावून सांगितला आणि अर्ज परत केला. नियमानुसार ते बरोबरच होते. पण जुन्या कर्जाची मुदत वाढवून नव्या कर्जासाठी शिफारशीसह प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवणे माझ्या हाती होते. मार्च महिना चालू होता, वसुलीच्या आकड्यांची घाई होती, प्रस्तावाचे चार कागद लिहायला मला सवड झाली नाही. प्रस्ताव मंजूर झाला असताच असे नाही. पण तो मी पाठवलाच नाही. पुढच्या हंगामात तो गृहस्थ दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाताना मला दिसला. त्याने मला नमस्कार केला.

ही हकीकत मी यापूर्वी कोणालाही सांगितली नव्हती. नातवाला सोप्या शब्दांत सांगितली. “मला प्रयत्न करता आला असता, मी केला नाही,” असे म्हणालो. तो रागावेल असे मला वाटले होते. त्याने फक्त विचारले, “मग त्याच्या दुसऱ्या बैलाचं काय झालं?”

“मला माहीत नाही. मी विचारलं नाही.”

मुलांच्या कार्यक्रमांविषयी माझे जे मत बनले आहे, ते या संध्याकाळी बनले. चांगला बालचित्रपट कोणता, हे ठरवताना मी आता त्यातला बोध शोधत नाही. तो संपल्यावर मूल प्रश्न विचारते का, एवढेच पाहतो. असे चित्रपट आपल्याकडे नाहीत असे नाही. केंद्र सरकारने १९५५ मध्ये केवळ मुलांच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र संस्था काढली होती. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मराठीत ‘श्वास’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘किल्ला’ यांसारखे चित्रपट निघाले. उणीव आहे ती शेजारी बसणाऱ्या माणसाची. दुःखाचा प्रसंग पाहून मूल बिघडत नाही, असे मला वाटते. मात्र तो त्याने एकट्याने, कानात बोंडे घालून, मोबाइलच्या वितभर पडद्यावर पाहू नये. आणि त्याने प्रश्न विचारलाच, तर तो आपल्याला अडचणीत टाकणारा असला तरी टाळू नये.

आमच्या घरी आता रविवारची एक संध्याकाळ राखून ठेवली आहे. एक चित्रपट किंवा मालिकेचा एखादा भाग, सर्वांनी एकत्र. निवड एका रविवारी नातवाची, दुसऱ्या रविवारी मोठ्यांची. त्याच्या पाळीला आम्ही ‘टॉम अँड जेरी’ पाहतो आणि पोटभर हसतो.

‘टिंग्या’ पाहिल्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या हट्टाखातर आम्ही पांजरपोळात गेलो. वैरणीची पेंढी त्याला उचलवत नव्हती, तरी त्याने ती ओढत नेली. एका थकलेल्या, पांढऱ्या बैलापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग तेथील सेवकाला त्याने विचारले, “काका, हा कुणाचा होता?”

सेवकाने गावाचे नाव सांगितले आणि त्या बैलाची सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. मीही जवळ जाऊन ऐकत उभा राहिलो.