कुंचा कसा धरावा

आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाऊस चार महिने भिंतींना झोडपतो. दसरा सरला, भिंती वाळल्या, की घरोघर चुन्याची बादली निघते. गेल्या दिवाळीला मीही घर रंगवलं. चुना फिका दिसला म्हणून वरून जाड थापला. होळीपर्यंत परातीतल्या पिठात पापुद्रे पडायला लागले! कष्ट गेले, पैसेही गेले.

चुना ओला असताना फिकाच दिसतो, वाळला की पांढरा होतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तो दुधासारखा पातळ ठेवा आणि दोन-तीन हात द्या. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नको.

कळीचा चुना विरवताना आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतो. भांडं पत्र्याचं घ्या, पोरांना लांब ठेवा. रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्यातून गाळा. डोळ्याला चष्मा हवाच. शिंतोडा गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

जुने पापुद्रे खरवडून भिंतीवर पाण्याचा हबका मारा. कोरडी भिंत चुन्यातलं पाणी शोषते, मग वर नुसती भुकटी उरते. डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही.

कुंचा वाखाचा घ्या. केसांचा महाग ब्रश चुना खाऊन टाकतो. टोकाकडचा तिसरा हिस्साच बुडवायचा, बादलीच्या काठाला टेकवून निथळायचा. लग्नचौक लिहिणाऱ्या वारली सवाशिणी बघा. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात आणि तांदळाच्या पिठात टोकच बुडवतात. म्हणून त्यांची रेघ ओघळत नाही.

सुरुवात वरून करा. कुंचा वरून खाली, त्यावरच खालून वर, आणि ओलं आहे तोवर आडवा फिरवा. दाबू नका. हातभर रुंद पट्टा धरून सरकत जा. मध्येच चहाला उठलात तर सांधा दिसणारच, तेव्हा कोपरा गाठूनच थांबा.

संध्याकाळी कुंचा पाण्यात खळखळून धुवा आणि तोंड खाली करून खिळ्याला टांगा. बादलीत उभा ठेवलात तर सकाळी वाकडा झालेला असेल.